हातच्या कार्डाला यंत्र कशाला?

आपल्याकडे ‘हाताने केलेलं’ या शब्दांना जेवढा मान आहे, तेवढा प्रत्यक्ष हातांना कधी मिळालेला नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी महिन्याला शंभर रुपये वाढवून मागितले की आपल्याला महागाईवर व्याख्यान सुचतं. पण तेच आपण, दुकानात ‘हँडमेड’ अशी चिठ्ठी लावलेला साबण दिसला की किंमत न विचारता उचलतो. हातसडीचे तांदूळ, हातमागाचा टॉवेल, हाताने वळलेले लाडू! आता लाडू पायाने वळायची पद्धत महाराष्ट्रात कुठे असल्याचं निदान आमच्या तरी ऐकिवात नाही. तरीही पाटीवर ‘हाताने वळलेले’ असं लिहावं लागतं, कारण त्या दोन शब्दांचे किलोमागे वेगळे पैसे मिळतात.

इथवर आमची तक्रार नाही. ज्याने त्याने आपापल्या पैशाने फसावं. पण या हातभक्तांमध्ये एक कडक सोवळ्याचा पंथ आहे आणि तो नाताळच्या सुमारास फार जोरात असतो. घरच्या घरी नाताळची शुभेच्छापत्रं करणारं कोणी भेटलं की हा पंथ कार्ड उलटंपालटं करून विचारतो, “हा तारा कात्रीने कापला की मशीनने?” मशीनने म्हटलं की संपलं. चेहऱ्यावर असा भाव येतो, की जणू उपासाच्या खिचडीत कांदा निघाला. “मग याला हाताने केलेलं कसं म्हणायचं?”

कसं म्हणायचं ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. बावीस वर्षं बँकेत काढल्यावर माणूस हरकत घेतो ती लेखीच घेतो.

आधी प्रकरण सांगतो. आमची शाखा वसईत. वसई म्हणजे नाताळ अंगणात उतरतो तो मुलूख. डिसेंबर लागला की घरोघर कागदी तारे लटकतात, ओसरीत गोठा उभा राहतो, आणि पंचवीस तारखेला आमच्यासारख्या घाटावरून बदलून आलेल्या माणसालाही चार घरी फराळ करावा लागतो. आमच्या शाखेतल्या कॅशिअर मॅडम इथल्याच. त्यांची बहीण इंग्लंडात नर्स आहे. तिने तीन वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना एक डाय कटिंगचं हातयंत्र आणलं, आणि तेव्हापासून मॅडम दर वर्षी चाळीस कार्डं करतात. गणपती विसर्जन झालं की त्यांचा नाताळ सुरू होतो. गेल्या वर्षी त्यांनी गावातल्या एका हस्तकला स्पर्धेत कार्ड ठेवलं. परीक्षकांनी ते चष्मा वर करून पाहिलं, चष्मा खाली करून पाहिलं, आणि शेरा मारला, ‘यंत्राने कापलेले, सबब अपात्र.’ मॅडम काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोटा मात्र जरा जोरात मोजल्या.

आता ज्या यंत्रावर एवढा ठपका आला, ते आहे तरी काय? दोन रूळ, मध्ये फट, बाजूला हँडल. रसवंतीतला उसाचा चरक शिकून-सवरून शहरात नोकरीला लागला तर जसा दिसेल, तसं ते दिसतं. वायर नाही, बटण नाही, वीज गेली तरी चालतं. ‘डाय’ म्हणजे पोलादाची पातळ आकृती. तारा म्हणा, घंटा म्हणा, हरीण म्हणा. तिच्या एका बाजूच्या कडा धारदार. खाली बैठक, तिच्यावर प्लॅस्टिकची जाड पारदर्शक प्लेट, त्यावर कागद, कागदावर डाय पालथी, तिच्यावर पुन्हा प्लेट. या थराला ती मंडळी सँडविच म्हणतात. हे सँडविच रुळांच्या तोंडी द्यायचं आणि हँडल फिरवायचं. आतून असा कडकड आवाज येतो, की नवख्या माणसाला वाटावं यंत्र मोडलं. मोडलेलं नसतं. अडकित्त्यात सुपारी फुटताना अडकित्ता मोडला असं कोणी म्हणतं का?

बस, एवढंच, असं सोवळ्या पंथाला वाटतं. हँडल फिरवलं की कार्ड पडलं, रेल्वे स्टेशनवरच्या वजनाच्या काट्यातून तिकीट पडायचं तसं! त्यांनी एकदा मॅडमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रात्री साडेदहाला येऊन बसावं. डाय सरळ ठेवली तर तिची लांब कड एकदम रुळाखाली येते आणि हँडल अडतं, म्हणून ती जरा तिरकी ठेवावी लागते. प्लेटांवर कापल्याच्या रेघा उमटतात, त्या एका अंगाला वाकू लागतात, म्हणून त्या सारख्या उलटसुलट कराव्या लागतात. कागद एका कोपऱ्यात कापला गेला आणि दुसऱ्यात नाही, तर त्या कोपऱ्याखाली कागदाची घडी सारून पुन्हा चरकात घालावं लागतं. हिमकणाच्या नक्षीत पन्नास बारीक भोकं असतात आणि त्या पन्नास भोकांतले पन्नास कण डायमध्येच रुतून बसतात. ते टाचणीने एकेक टोचून काढायचे. त्यावर उपाय म्हणजे डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपर घालणं. मग कण लवकर सुटतात आणि शिवाय बटर पेपरचे आणखी पन्नास कण मिळतात.

आणि ज्यांना हाताचं एवढं प्रेम, त्यांनी हातकागद वापरून बघावा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाडसर, सुंदर कागद मॅडमनी एकदा हौसेने आणला. त्याचे धागे इतके चिवट, की नाजूक डाय त्यातून पार जाईना. दोनदा फिरवलं, तीनदा फिरवलं. तारा सुटला तो दाढी न केलेल्या माणसासारखा, सगळीकडून लव आलेली. हाताने केलेला कागद यंत्राला दाद देत नाही तेव्हा दोघांमध्ये तडजोड घडवून आणायला लागतो तो माणसाचा हातच ना?

बरं, हे सगळं का? तर मॅडमचा उजवा अंगठा. सव्वीस वर्षं नोटा मोजून त्या अंगठ्याने असहकार पुकारलेला आहे. अर्धा तास कात्री चालवली तर दुसऱ्या दिवशी पेन धरवत नाही. हँडल मात्र मुठीने फिरवता येतं. म्हणजे ज्या यंत्राने हाताचं काम हिसकावलं असं परीक्षक म्हणतात, त्या यंत्राने इथे हाताला हात दिलेला आहे. पण परीक्षकांना कार्डाच्या कडा दिसतात, अंगठा दिसत नाही.

आता तत्त्वाचा प्रश्न. कात्री काय झाडाला लागते? तीही यंत्रच. दोन पाती, एक खिळा. मग पावित्र्य कुठे संपतं, खिळ्यापाशी की हँडलपाशी? दिवाळीत घरोघर चकल्या होतात, त्या सोऱ्यातून. सोऱ्यात चकती असते, चकतीला ताऱ्याच्या आकाराचं भोक असतं, म्हणजे ती सरळसरळ डाय. पण सोऱ्याचा दांडा फिरवून घामाघूम झालेल्या आईला “ही चकली तुझ्या हातची नव्हे, मशीनची” असं सांगायची एखाद्या परीक्षकाची छाती आहे का? असेल तर त्याने उरलेली दिवाळी कुठे काढली, तेही आम्हाला कळवावं. करंजीची कड कातण्याने कापली म्हणून करंजी कारखान्याची झाली नाही. आणि पेणचे गणपती घ्या. मूर्ती साच्यातून निघते. सोंड साच्याची, कान साच्याचा, पोट साच्याचं. एका साच्यातून शंभर गणपती, सगळे सारखे. मग डोळ्यांच्या आखणीला जाणता कारागीर बसतो, ब्रश टेकवतो, आणि ती मूर्ती बघता बघता आपल्याकडे बघू लागते. साच्यातून निघाली म्हणून आजवर कोणी आरती अर्धी म्हटलेली नाही. साचा कुठला हे कोणी विचारत नाही, डोळे कोणी काढले ते विचारतात.

यावर सोवळा पंथ म्हणतो, “ते राहू द्या. मूळ परंपरेत तर सगळं हातानेच होतं ना!” मूळ परंपरा? चला, मूळच बघू.

व्यापारी तत्त्वावर विकायला काढलेलं पहिलं नाताळ कार्ड म्हणून जे ओळखलं जातं, ते १८४३ साली लंडनमध्ये निघालं. काढणारे गृहस्थ हेन्री कोल, पुढे साउथ केन्सिंग्टन म्युझियमचे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे पहिले संचालक. १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र कुठेही जाऊ लागलं होतं आणि ती व्यवस्था उभी करण्यात कोलसाहेबांचाही हात होता. परिणाम असा, की आपणच बसवलेल्या नळाखाली आपलीच बादली वाहू लागावी तशी त्यांच्या टेबलावर पत्रं वाहू लागली. उत्तरं द्यायला वेळ कुठला? त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ले या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, लिथोग्राफीने हजारभर प्रती छापल्या, रंग हाताने भरवून घेतले आणि किंमत ठेवली एक शिलिंग. वर ‘प्रति’ आणि खाली ‘कडून’ अशा रिकाम्या जागा. म्हणजे काय, तर आमची पैसे भरायची स्लिप! चित्रात अख्खं कुटुंब वाइन पिताना दाखवलं होतं, त्यात एक लहान मूलही. त्यावरून दारूबंदीवाले खवळले. पण ‘हे छापलं कशाला, हाताने का नाही काढलं’ म्हणून खवळल्याचं आमच्या वाचनात नाही.

तेव्हा परंपरा म्हणाल तर ती ही. छाप यंत्राचा, रंग हाताचा आणि मूळ प्रेरणा, हात वाचवावा ही. पुढे व्हिक्टोरिया राणीच्याच काळात जर्मनीत छापलेले, उठावाचे, डायने कापलेले रंगीत तुकडे इंग्लंडात पेटाऱ्यांनी येऊ लागले आणि बायकामुलं ते कार्डांवर, वह्यांवर चिकटवू लागली. मॅडमच्या यंत्राची पणजी ती. सोवळं पाळायचं तर पंथाने १८४३ च्या आधी जावं. पण मग तिथे कार्डच नाही.

आपल्याकडेही काय वेगळं आहे? खिळे जुळवून छापायचे दिवस गेले, ऑफसेट आलं, पण गल्लीबोळांतल्या छापखान्यांत जुनी ट्रेडल यंत्रं अजून धडधडतात. ती आता छापत नाहीत. पावतीपुस्तकांना नंबर घालतात, फाडायची भोकं पाडतात आणि लग्नपत्रिकांना डाय मारतात. गणपतीच्या आकाराची खिडकी असलेली पत्रिका तुमच्या घरी आली, तर ती अशाच एखाद्या म्हाताऱ्या ट्रेडलखालून आलेली असते. पण तुम्ही लग्नाला जाता ते त्या खिडकीमुळे का? ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ असं छापलेलं वाचून आजवर कोणी रजा टाकलेली नाही. त्याखाली निळ्या शाईत कोणी ‘काका, तुम्ही आला नाहीत तर बोलणार नाही’ असं खरडलेलं असलं, की माणूस आरक्षण करतो.

इथे आमचा खरा मुद्दा आला. आणि तो आमच्या धंद्यातलाच आहे.

रोज आमच्यासमोर शेकडो चेक येतात. चेक हा संपूर्ण यंत्राचा माल. कागद यंत्राचा, छपाई यंत्राची, खालचे आकडे तर अशा शाईचे की ते यंत्रानेच वाचायचे. त्यात हाताचं काय, तर एक सही. वीतभर कागदावर दोन इंच. पण १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट त्या दोन इंचांवर उभा आहे. सही नसेल तर तो चेक नव्हे, रद्दी. उलट, उद्या एखाद्याने कागद घरी लगदा करून बनवला, त्यावर सोन्याच्या वर्खाने वेलबुट्टी काढली आणि सही करायला विसरला, तर आम्ही त्या वेलबुट्टीचं कौतुक करू आणि कागद खिडकीतून परत देऊ.

कार्डाचंही तेच आहे. तारा कसा कापला हा प्रश्नच चुकीचा. कार्ड उघडल्यावर आत काय आहे, हा प्रश्न. त्या स्पर्धेत पहिलं आलेलं कार्ड आम्ही मुद्दाम जाऊन पाहिलं. कात्रीने कापलेलं, काम खरंच सुरेख. आम्ही ते उघडलं. आत कोरं होतं. नाव नाही, ओळ नाही, कोणाला पाठवायचं त्याचा पत्ता नाही. ते कार्ड कोणासाठी केलेलंच नव्हतं, परीक्षकांसाठी केलेलं होतं.

मॅडमची कार्डंही आम्ही पाहिली आहेत. बाहेर बर्फ आणि हरणं असतात, कारण बहिणीने आणलेल्या डाय तिकडच्या. “वसईत बर्फ कुठे पडतो?” असं आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, “बेथलेहेमात तरी रोज कुठे पडतो?” मग गोठ्यामागे त्या केळीचं एक झाड लावतात. केळीची डाय त्यांच्याकडे नाही, म्हणून अंगठा दुखला तरी पानं कात्रीने. आणि आत चार ओळी, चाळीस कार्डांत चाळीस वेगळ्या. बहिणीच्या कार्डावर तर जपून चिकटवावं लागतं. तिकडे पाकीट पाच मिलिमीटरपेक्षा जाड झालं की टपालखातं त्याला ‘मोठं पत्र’ ठरवून जास्त पैसे घेतं, म्हणून परत येणारं कार्डही बहीण पट्टीने मोजून टाकते.

आणि या चार ओळींची किंमत काय असते ते मॅडमच्या सासूबाईंकडे कळतं. वय ब्याऐंशी. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात त्यांच्या थोरल्या बहिणीने दर नाताळला पाठवलेली कार्डं आहेत. बहीण जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या नाताळात आम्ही फराळाला बसलो असताना आजींनी तो डबा उघडला. कार्डं सगळी दुकानातली, स्वस्तातली, चमकी गळणारी. तीनचार वर्षं तर हुबेहूब तेच चित्र. आजींनी एकाही चित्राकडे पाहिलं नाही. प्रत्येक कार्ड उघडून आतलं वाचायच्या. ‘या साली भात बरा झाला. गाय व्याली. धाकट्याला नोकरी लागली, तू ये.’ मग ते कार्ड मिटून खाली आणि दुसरं वर. आम्ही चेक तीन महिन्यांनी शिळा ठरवतो. २०१२ च्या एप्रिलपूर्वी सहा महिने तरी मिळायचे. त्या डब्यातला एकही कागद शिळा झालेला नव्हता.

आता व्यवहारी माणसं म्हणतील, चार ओळीच हव्यात तर यंत्र, डाय, कागद एवढा खर्च कशाला? फोनवर पाठवा की, फुकट! आम्ही कॉमर्सचे, तेव्हा हिशेबाला भीत नाही. समजा, यंत्र दहा हजारांचं. आयुष्य पाच वर्षं, सरळ रेषेने घसारा, वर्षाला दोन हजार. डाय, कागद, गोंद मिळून आणखी दोन हजार. कार्डं चाळीस. म्हणजे एक कार्ड शंभर रुपयांना पडलं, तिकीट वेगळं. महाग आहे, कबूल. पण फोनवरून येतो तो फुलांचा गुच्छ बघा. तो पाठवणाऱ्याने केलेला नसतो, वाचलेला नसतो, बहुधा नीट पाहिलेलाही नसतो. सकाळी सहाला ज्याच्याकडून आला त्याच्याच नातेवाइकाला सव्वासहाला परत जातो. हे म्हणजे दुसऱ्याचा चेक तिसऱ्याला देऊन चौथ्याचे आभार घेणं. आणि शंभर रुपयांच्या बदल्यात मिळतं काय म्हणाल, तर गुडविल. लेखामानक २६ असं सांगतं, की घरच्या घरी तयार झालेलं गुडविल ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. बरोबर आहे. ते बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं असतं.

तेव्हा सोवळ्या पंथाला आमचं सांगणं एवढंच, की यंत्राशी भांडू नका. आणि यंत्रवाल्यांनाही सांगतो, फार हुरळू नका. ताऱ्यावर तारा चढवला, घंटेला रिबीन बांधली आणि आत ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ असा तयार रबरी शिक्का मारून मोकळे झालात, तर तुमच्यात आणि फोनवरच्या गुच्छात फरक फक्त वजनाचा. शिक्के आम्हीही मारतो, दिवसाला दीडदोनशे. त्यातल्या एकाही शिक्क्यामागे प्रेम नसतं, हे आम्ही जबाबदारीने सांगू शकतो.

पुढच्या स्पर्धेच्या नियमांत आमची एक दुरुस्ती घ्यावी. परीक्षकांनी कार्ड आधी उघडावं आणि मग पाहावं. आत कोणाचं तरी नाव असेल, त्या नावाच्या माणसालाच लिहिता येईल अशी एखादी ओळ असेल, तर कार्ड हाताने केलेलं समजावं. मग तारा कात्रीने कापलेला असो, चरकातून काढलेला असो, नाहीतर दुकानातून आणलेला असो. आणि आत कोरं असेल, तर बाहेर कात्रीने ताजमहाल कोरलेला असला तरी मोह टाळावा. कार्ड मिटावं आणि त्यावर आम्ही रोज लिहितो तोच शेरा लिहावा, ‘सही नाही. परत.’